आवाजाची गाडी

परंड्यासारख्या तालुक्याच्या गावात ‘बुलेट’ हे केवळ एका वाहनाचे नाव नाही. विशेषणासारखे ते माणसाला चिकटते. १९५५ पासून मद्रासमध्ये जुळवली जाऊ लागलेली ही मोटारसायकल मुळात लष्कराच्या गरजेपोटी आली. आमच्याकडे ती आधी बागायतदाराच्या दारात उभी राहिली, मग गुत्तेदाराच्या आणि पुढाऱ्याच्या. माझे वडील सालगडी होते. मालकाची गाडी दिसण्यापूर्वी ऐकू येई आणि बांधावर टेकलेली माणसे उठून कामाला लागत. ध्वनी आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. तो आवाज मात्र मला कधीच यादृच्छिक वाटला नाही.

चाळिशी उलटल्यावर साडेतीनशे सीसीची गाडी घ्यायचे ठरले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे निमित्त. कारण निराळे होते. गळिताच्या हंगामात बार्शी रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे माझी जुनी स्प्लेंडर अडकून पडे. पुढे काढायची तर गिअर उतरवून इंजिनाला ओरडायला लावावे लागे. तिचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचे बळ, आठ न्यूटन-मीटरच्या आसपास. साडेतीनशेच्या एनफिल्डचा २७, आणि तोही चार हजार फेऱ्यांवरच हाती येतो. ही गाडी घाई न करता पुढे जाते.

सहकाऱ्यांचा कौल अर्थातच ‘क्लासिक’ला होता. मी ‘हंटर’ घेतली. इंजिन तेच, वजन १९५ ऐवजी १८१ किलो आणि सीटची उंची ७९० मिलिमीटर, त्यामुळे माझ्यासारख्या बुटक्या माणसाचे दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकतात. ज्या किल्ल्यातून मुलूख-ए-मैदान ही पन्नास टनांहून जड तोफ १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली, त्याच्या सावलीत राहून चौदा किलोंची चर्चा करणे हास्यास्पद आहे खरे. पण ती तोफ कुणाला रोज सकाळी एकट्याने बोळातून मागे ढकलत बाहेर काढावी लागत नव्हती! वजन धावताना जाणवतच नाही. ते जाणवते वळवताना, थांबताना, चढावर पाय टेकताना. सावकाश वळताना क्लच अर्धा धरायचा, मागचा ब्रेक हलका दाबायचा आणि नजर चाकाकडे न ठेवता जिथे जायचे तिथे ठेवायची, एवढे अंगी बाणायला मला पंधरवडा लागला. ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेली ओली काळी माती दिसली की आजही मी वेग आधीच उतरवतो. एबीएस असले तरी चिखलाला व्याकरण नसते.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवून घ्या, असे विक्रेत्याने सुचवले. तो बेकायदेशीर आहे, हे माझे अधिकृत उत्तर. अनधिकृत उत्तर वर येऊन गेलेच आहे.

वडिलांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवरून हात फिरवला, चालू करायला लावली आणि कान देऊन ऐकले.

“एवढं पैसं घातलंस, अन् मोठ्या आवाजाची न्हाई घावली व्हय?”

“कशाला पाहिजे आवाज, दादा?”

“गल्लीत कळाया नको, तू आलास म्हणून?”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या आवाजाला मी ज्या अर्थाशी कायमचे बांधून टाकले होते, तो त्यांना मान्यच नव्हता. त्यांना तो आवाज आपल्या दारात हवा होता.

पुढच्या रविवारी त्यांना मागे बसवून डोमगावला गेलो. कल्याणस्वामींच्या मठासाठी आणि त्यांच्या हातच्या दासबोधाच्या प्रतीसाठी साहित्याच्या अभ्यासकांना हे सीनाकाठचे गाव ठाऊक असते. वडिलांना त्या प्रतीत रस नव्हता. वाटेत एका चढावर त्यांनी फक्त “वढती,” एवढेच म्हटले. नदीच्या अलीकडे गाडी उभी केली, तसा स्टँड काळ्या मातीत रुतू लागला. मी हँडल धरून उभा राहिलो. ते खाली उतरले, बांधावरून एक चपटा दगड शोधून आणला, स्टँडखाली सरकवला आणि गाडी हलते का ते दोनदा हलवून पाहिले.