पटावरचें नांव

जून उजाडला कीं आम्ही प्राध्यापक मंडळी केजच्या आसपासच्या वाड्यावस्त्या पालथ्या घालूं लागतों. पूर्वीं विद्यार्थी महाविद्यालयाचा उंबरठा झिजवीत. आतां त्यांचे उंबरठे आम्ही झिजवितों. ह्यांत निव्वळ विद्यादानाची तळमळ आहे असें म्हणवत नाहीं. पट घटला कीं तास घटतात, आणि तास घटले कीं नोकरी डगमगते.

गेल्या वर्षीं एका बापानें चहा पाजून आम्हांस विचारलें, "सर, दिवाळीनंतरबी शिकवता व्हय? पोरगी तर तवा उसाच्या फडात आसंल." मुकादमाची उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता, आणि धाकट्यांस सांभाळावयास ही मुलगी. बीड जिल्ह्यांतील हजारों बिऱ्हाडें अशींच पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात, तीं उन्हाळ्यांतच परततात. १९५८ सालीं मराठवाड्यास स्वतःचें विद्यापीठ मिळालें खरें. पण उसाचा हंगाम आमच्या वेळापत्रकांत कोठेंच नाहीं.

आम्हीं अर्ज भरून घेतला. कठीण प्रकरणें दसऱ्याआधीं शिकवूं, टिपणें बरोबर देऊं, असें वचनहि दिलें. बहुतेक पाळलें.

नोव्हेंबरांत हजेरी घेतांना तिच्या नांवापाशीं लेखणी थांबली. नांव काढावें तर तिची परीक्षा बुडते. आणि आमच्या पटावरचा एक आंकडाहि. आम्हीं तें राहूं दिलें. ह्या दोहोंपैकीं कोणत्या कारणासाठीं, हें अद्याप आम्हीं स्वतःस विचारलेलें नाहीं.