तीन वाट्या, नऊ घोट

मराठी लग्न दोन वाक्यांवर उभं असतं. 'हे आपल्यात नसतं' आणि 'हे आपल्यात असतंच'. पहिलं खर्चाच्या बाबींना लावायचं, दुसरं मानपानाच्या. पण बदल कोणालाच नको असतो, असं मात्र नाही. मंगलाष्टकंच घ्या. नावाप्रमाणे ती आठ. परंतु हल्ली एक मुलीच्या मावशीनं रचलेलं असतं, एक मुलाच्या आत्यानं, आणि एक बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी. शार्दूलविक्रीडिताच्या ओळीत एकोणीस अक्षरं. बाराव्या अक्षरावर यती. त्यात मुलाचं नाव, मुलीचं नाव, दोघांच्या पदव्या आणि आजोबांचं गाव बसवायचं म्हणजे पुण्याच्या सहा आसनी रिक्षात चौदा माणसं बसवण्यापैकी आहे. तरी बसवतात. यतीला नेमकी कंपनीच्या नावाची दोन शकलं होतात, मंडळी 'सावधान'ची वाट पाहत अक्षता चुरत राहतात, पण याला कोणी धर्म बुडाला म्हणत नाही. हौस म्हणतात.

माझ्या भाचीची हौस मात्र जरा लांबून आली. थेट जपानातून.

भाची भवानीनगरची. वडील श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्यात होते. ती अकरावीत असताना गेले. ताईनं शिवण करून तिला पुण्याला शिकवलं. पुण्यात माणसं जर्मन शिकतात, जपानी शिकतात, आणि घरमालकाशी मराठीत भांडतात. ही जपानी शिकली आणि यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करू लागली. वर्गातच साताऱ्याचा एक मुलगा भेटला. दोघांनी एकमेकांना पसंत कोणत्या भाषेत केलं ते मी विचारलं नाही.

लग्न भवानीनगरलाच, गेल्या माघात, ऐन गळिताच्या हंगामात. महिनाभर आधी घरात बैठक बसली, तेव्हा तिनं हळूच सांगितलं, "मामा, सप्तपदीनंतर आम्हाला सान-सान-कुदो करायचंय."

"हे कुठलं गाव?" आत्या म्हणाली. आत्या म्हणजे माझी आणि ताईची आत्या. वय ब्याऐंशी, दात स्वतःचे, मतंही स्वतःची.

मग भाचीनं समजावून सांगितलं. सान म्हणजे तीन, कु म्हणजे नऊ. लहान, मध्यम, मोठे असे तीन पेले. प्रत्येक पेला तीन घोटांत घ्यायचा. तीन त्रिक नऊ. लहान पेला गेलेल्या दिवसांचा, मधला आजचा, मोठा पुढचा, असाही अर्थ तिकडे सांगतात. पेल्यांत साके असते.

"साके म्हणजे?"

"तांदळाची..." भाची अडखळली.

"खीर?"

"दारू, आत्याआजी."

पुढची पाच मिनिटं मी गाळतो. एवढंच सांगतो की तांदूळ आपण डोक्यावर टाकतो, ते लोक पोटात घेतात, हा माझा युक्तिवाद कोणीही ऐकून घेतला नाही. शेवटी तोड भाचीनंच काढली. साकेऐवजी उसाचा रस. तिकडेही न पिणारी माणसं पेला नुसता ओठाला लावतात, आणि ते चालतं, म्हणाली. उसाच्या गावात याहून शुद्ध तीर्थ कुठलं? नीरा डाव्या कालव्याचं पाणी पिऊन वाढलेला ऊस, जात ८६०३२, तोही बांधावरचा.

"पण इतक्या जुन्या विधीत असा फेरफार चालतो का?" असं ताईनं विचारलं. तर कळलं, की पेल्यांची रीत सामुराईंच्या काळातली, जुनी खरी. पण देवळात, शिंतो पुजाऱ्यापुढे लग्न लावण्याचा प्रघात तिकडे रुजला तो १९०० साली युवराजांचं लग्न तसं लागलं त्यानंतर. मी मनात हिशेब केला. आपल्याकडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं भटजीवाचून पहिलं लग्न लावलं १८७३ साली. त्या पद्धतीत मंगलाष्टकं वधूवर स्वतः म्हणतात. ती बायकांचे हक्क मागते, तो ते द्यायचं वचन देतो. म्हणजे विधीला आपल्या मापाचा कपडा शिवण्यात आपण जपान्यांच्या सत्तावीस वर्षं पुढे. पुढे त्यांनी आगगाड्या वेळेवर सोडल्या, एवढाच काय तो फरक.

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. मग आत्यानं विचारलं, "रस ओतायचा कोणी?"

"जपानात देवळातली सेविका ओतते," भाची म्हणाली. "इथे आई ओतेल."

कोणी काही बोललं नाही. ताई उठून चहाच्या कपबशा गोळा करायला लागली. त्या रिकाम्या व्हायच्या होत्या.

आता वाचकांना निराळं सांगायला नको. कन्यादानाला मी आणि माझी बायको बसणार, हे ताईनं आपण होऊन ठरवून टाकलं होतं. देवकप्रतिष्ठेलाही आम्हीच. हळदीला पाच सवाष्णी शेजारच्या. जिनं हे लग्न उभं केलं ती कोठीघरात नारळ मोजणार. हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं आणि कोणी बोलूनही दाखवलं नव्हतं. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ती बातमी ताईनंच आत्याला मोठ्यानं वाचून दाखवली होती आणि दोघींनी माना डोलावल्या होत्या. पण ठराव हेरवाडचा होता, आणि लग्न आपल्या घरचं. आत्या तर चाळिसाव्या वर्षापासून प्रत्येक लग्नात मागच्या रांगेत, खांबाआड बसत आलेली. तिथून तिला मंगलाष्टकं ऐकू येतात, नवरानवरी दिसत नाहीत.

मी प्रश्न गुरुजींकडे नेला. अशा वेळी प्रश्न नेहमी दुसऱ्याकडे न्यावा. गुरुजींनी चष्मा पुसला. म्हणाले, "सवाष्णीनं करायचं ते पोथीत नाहीतर रूढीत कुठेतरी आलेलं असतं. हा विधी आमच्या पोथीत नाही आणि तुमच्या रूढीतही नाही. मग याला सवाष्ण लागते असं मी कशाच्या आधारावर म्हणू?"

मला आजवर या माणसाची नुसती दक्षिणाच दिसत होती. किती सोपं होतं! आपल्याच विधीत तिला पुढे बसवायचं, तर आजूबाजूच्या तीन पिढ्या विचारायला आल्या असत्या. हा विधी इतक्या लांबून आला होता की त्याच्याबरोबर कोणाची आत्या आलेली नव्हती.

पोरीनं हे आधीच हेरलं होतं का, हा प्रश्न मी तिला केला. ती म्हणाली, "मामा, तुम्ही रसाचं बघा."

रसाचं बघणं हे काम वाटतं तेवढं साधं नाही. रस काढून ठेवला की तासाभरात काळा पडतो, आणि आणखी ठेवला तर आपण होऊन साकेच्या दिशेनं निघतो. म्हणून मांडवाबाहेर चरकच आणून उभा केला. मालकाच्या पाटीवर अर्थातच 'कानिफनाथ रसवंती गृह'. आलं-लिंबू घालायचं की नाही यावर वरपक्षाशी थोडी चर्चा झाली. बर्फ नको यावर एकमत झालं. पेले म्हणून तीन वाट्या जमवल्या. लहान ती भाचीच्या उष्टावणाची चांदीची, 'मामाकडून सप्रेम' असं कोरलेली. मधली साताऱ्याहून आली. मोठी काशाची, कोरी, नवीन घेतलेली. तिच्यावर काय नाव घालायचं ते दोघं सावकाश ठरवणार होते.

सप्तपदी झाली. ताई पुढे आली. तिनं आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या माणसांसमोर काही केलं असेल. जपानी रीतीप्रमाणे झारी दोनदा नुसती कलवायची आणि तिसऱ्यांदा ओतायचं, हे भाचीनं तिला आठवडाभर पाण्यावर शिकवलं होतं. ताईनं झारी एकदा कलवली. थांबली. पुन्हा कलवली. थांबली. हात थोडा कापत होता.

तेवढ्यात मागून, खांबाजवळून, खणखणीत आवाज आला, "अगं, ओत की! भितेस काय? तुझ्याच मुलीचं लग्न आहे!"

जपानी रीत कोणाला ठाऊक नसल्यामुळे मांडवातल्या तीनशे माणसांचं हेच मत पडलं. ताईनं वाटी काठोकाठ भरली. थोडा रस जावयाच्या सोवळ्यावरही सांडला. मी मागे वळून पाहिलं तर आत्या खांबाआड नव्हती. कोणाच्या तरी खुर्चीच्या पाठीला धरून, नीट दिसेल अशी, मधल्या वाटेवर उभी होती.

जेवणाच्या आधी गुरुजी मला बाजूला घेऊन गेले. त्यांनी खिशातून वही काढली. तिच्यात लिहिलं होतं : 'तीन वाट्या, ल. म. मो. रस ऐनवेळी काढणे. ओतणार : मुलीची आई.' मग हलक्या आवाजात म्हणाले, "पुढल्या आठवड्यात बारामतीला एक लग्न आहे. मंडळी हौशी आहेत. जपानात याची दक्षिणा साधारण किती धरतात हो?"