दुसऱ्या सकाळचा गुडघा

कबड्डीतला चढाईपटू पकडीतून निसटण्यासाठी पाय रोवून एकदम वळतो तेव्हा मांडीचे हाड फिरते, पण मॅटला चिकटलेले पाऊल जागचे हलत नाही, आणि या ओढाताणीत गुडघ्याच्या आत मांडीच्या व नडगीच्या हाडांना तिरपा सांधणारा पुढचा अस्थिबंध, म्हणजे खेळाडूंच्या तोंडी असलेले 'एसीएल', फाटतो. शस्त्रक्रियेत त्याच्या जागी बहुधा खेळाडूच्याच मांडीमागची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, बसवली जाते. मात्र शरीर तिला आपलीशी करताना आधी तिची जुनी वीण उसवते, आणि सूज उतरून पाय हलका वाटू लागतो नेमक्या त्याच सुमारास ती सर्वांत दुबळी असते, असे मानले जाते.

'आता बरे वाटते' हा निकष म्हणूनच फसवा ठरतो. बहुतेक खेळाडू फिजिओथेरपीचे सत्र शेक, मालीश आणि यंत्राच्या मुंग्यांवरून जोखतात. वास्तविक दिलेला भार गुडघ्याला पेलला की नाही, हे दुसऱ्या सकाळी कळते. व्यायामाच्या वेळची किंचित कळ रात्रीत शमली तर भार टिकवता किंवा वाढवता येतो, गुडघा सुजून आखडला तर कमी करावा लागतो. उपचारकाला टेपने सूज आणि कोनमापकाने हालचाल मोजता येते, पण अंथरुणातून उठताना तो हजर नसतो, त्यामुळे खेळाडूने वहीत टिपलेल्या दोन ओळी त्याला यंत्राहून अधिक उपयोगी पडतात. दुखणे गिळणे हा ज्या मैदानावर गुण समजला जातो, तिथल्या खेळाडूला हे खरे बोलणे व्यायामापेक्षा जड जाते.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबण्याचा कंटाळवाणा व्यायाम टाळला जातो, तोही गैरसमजातून. सांध्यात सूज असेपर्यंत मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला पुरते आकुंचन पावू देत नाही. हा आळस नव्हे, प्रतिक्षिप्त अडवणूक आहे, आणि ती मोडायला दिवसातून अनेकदा केलेली छोटी आवर्तनेच लागतात. आठवड्यातून दोनदा उपचारकेंद्रात जाऊन ते साधत नाही.

पुनरागमनाच्या घाईविषयी 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला डेलावेअर-ओस्लो अभ्यास बोलका आहे: 9 महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके लांबले, तितका दर महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचा दर सुमारे 51 टक्क्यांनी घटलेला आढळला. एका पायावरच्या उडीत दुखऱ्या पायाने धड पायाच्या 90 टक्के अंतर गाठावे, ही अटही सर्रास घातली जाते. परंतु धड पायही त्या महिन्यांत बसून बसून दुबळा झालेला असल्याने हा आकडा खेळाडूची उगाच खुशामत करतो, आणि म्हणूनच जाणते उपचारक धड पायाचे माप शस्त्रक्रियेच्या आधीच लिहून ठेवतात.