काढू नका

परवा टीममधल्या एका मुलानं रिव्ह्यूला पाठवलेल्या बदलात ‘काढू नका’ ही कॉमेंट लाल झालेली दिसली आणि पोटात खड्डा पडला. खालचं फंक्शनही उडवलं होतं. त्याचं म्हणणं रास्त होतं: टेस्ट नाही, कारण लिहिलेलं नाही, आणि डोळ्यांना न दिसणारं काहीतरी बदलत बसतं.

कॉमेंट आमच्या मॅडमची. माझी पहिली नोकरी, पुण्यात, ग्रंथालयांच्या सूचीचं वेब ॲप्लिकेशन. ‘कऱ्हाड’ शोधलं की निम्मी पुस्तकं गायब. मॅडमनी सापडलेल्या आणि गायब अशा दोन नोंदींतल्या अक्षरांचे युनिकोड क्रमांक वहीत एकाखाली एक उतरवले. एकीत ऱ आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि पाठोपाठ अदृश्य झिरो-विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारख्या. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. “टाइप करणारी कुणीच चुकलेली नाही,” मॅडम म्हणाल्या, आणि दोन्ही रूपं एक करणारं फंक्शन लिहून वर ‘काढू नका’ लिहिलं. ती वही मला अजून दिसते. पुढे नोकऱ्या बदलल्या. जिथे मराठी नावं आली तिथे ते फंक्शन मी कॉमेंटसकट पुन्हा लिहिलं.

म्हणूनच ‘सगळं नव्यानं लिहू’ या वाक्याचा मला मनापासून राग आहे. नेटस्केप ४ हा ब्राउझर आला १९९७ मध्ये. १९९८ मध्ये सोर्स कोड खुला झाला, मग जुना पाया सोडून नवं इंजिन लिहायला घेतलं. आवृत्ती ५ आलीच नाही. ६ उजाडली नोव्हेंबर २००० मध्ये. विंडोजबरोबर फुकट येणाऱ्या एक्स्प्लोररनं नेटस्केपला तसंही जेरीला आणलं होतं, पण ऐन लढाईत हाती नवं काही नव्हतं. मॅडमची वही आठवली की वाटतं, जुन्या कोडमधल्या किती ओळी अशाच कुणाच्या तरी तक्रारीतून आल्या असतील.

जुनं म्हणून मी काही जपत नाही. वापर नसलेला कोड मी आनंदानं काढते. आधी लॉगमध्ये पाहते, टेस्ट लिहिते, मग काढते. या फंक्शनची टेस्ट त्या मुलानंच लिहिली. फंक्शन काढल्यावर ती नापास झाली.

सूची टाइप करणाऱ्या बायका तेव्हा नोंदींच्या हिशेबानं पैसे घेत. त्यांची नावं कुठल्याच कमिटमध्ये नाहीत. तुमच्या हाती असं जुनं ॲप्लिकेशन असेल, तर ते वापरणारी, भरणारी माणसं भेटताहेत तोवर त्यांना विचारून घ्या, आणि मिळालेलं कारण फंक्शनच्या डोक्यावर लिहून ठेवा.