झरोक्यातला थर्मोकोल

थर्मोकोलचा तो तुकडा मीच कापला होता. नाशिकची डिसेंबरातली थंडी, बाथरूमच्या झरोक्याच्या दोन काचा निखळलेल्या, त्यातून झोंबणारा वारा आणि पारव्यांची घाण. माप घेऊन तुकडा बसवला, कडेने चिकटपट्टी लावली. आता आंघोळीला कुडकुडायला होत नाही म्हणून घरात कौतुकही झालं.

खरी चूक त्याच्या दोन वर्षं आधीची. गॅस गीझर बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, "ताई, धूर बाहेर नेणारा पाइपवाला घ्या, भिंतीला एक भोक पाडावं लागेल. नाहीतर बाल्कनीत लावू." टाइल्स नुकत्याच बसवल्या होत्या. त्यांना भोक पाडायला मन धजेना. मी बिनपाइपचा, स्वस्तातला गीझर घेतला आणि बाथरूममध्येच लावून घेतला. झरोका उघडा होता तोवर निभावलं.

थर्मोकोल बसल्यावर आठवड्याभरात माझं डोकं दुखायला लागलं, तेही सकाळीच. पित्त समजून मी आमसुलाचं पाणी घेत राहिले. सासूबाईंना आंघोळीनंतर मळमळायचं, ते आम्ही वयावर घातलं. मध्ये चार दिवस माहेरी गेले, तिथे एकदाही डोकं दुखलं नाही. आईकडे आराम मिळाला ना, म्हणून, असं मला वाटलं. गीझरची निळी ज्योत पिवळी दिसू लागली होती, वरच्या पत्र्यावर काजळी धरली होती. ती काजळी मी ओल्या फडक्याने पुसली आणि विसरून गेले.

एका सकाळी अकरावीतली लेक आंघोळीला गेली ती बाहेर येईना. पाण्याचा आवाज येत होता, हाकेला ओ नव्हती. यांनी खांद्याने धक्के देऊन कडी तोडली. ती बादलीशेजारी कोसळलेली होती आणि वर गीझर जळत होता. बाहेर हवेत आणल्यावर तिने डोळे उघडले.

इथे मी दुसरी मोठी चूक केली. कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावलं, आकडा ९८. ऑक्सिजन उत्तम आहे, उपाशीपोटी चक्कर आली असेल, असं म्हणून लिंबूसरबत दिलं आणि तासभर घालवला. उलट्या सुरू झाल्या तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "गीझर गॅसचा आहे का? कुठे लावलाय?" बोटावरच्या त्या यंत्राला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही, हे मला तेव्हा समजलं. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. खरं काय ते रक्त तपासूनच कळलं. लेकीला कित्येक तास मास्कने ऑक्सिजन द्यावा लागला.

माझा सगळा भरवसा वासावर होता. गॅस गळला तर वास येईलच, असं मी धरून चालले होते. पण तो वास सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो. हवा अपुरी पडून गॅस अर्धवट जळतो तेव्हा जे विष तयार होतं, त्याला ना वास, ना रंग. पुढे मी हिशेब मांडून पाहिला. असा गीझर तासाला पाऊण-एक किलो गॅस जाळतो. आमची बाथरूम चार बाय सहा फुटांची. पंधरा मिनिटांच्या आंघोळीत त्या ज्योतीला जवळपास निम्म्या खोलीच्या हवेतला ऑक्सिजन लागतो. आणि नवी हवा येण्याची वाट मीच बुजवली होती.

लेक बरी आहे. त्या तासाभराची आठवण मात्र माझ्या मनातून जात नाही. गीझर आता बाल्कनीत आहे, गरम पाण्याची नळी टाइलला भोक पाडूनच आत आणली.

तुमच्या बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तो बाहेर काढून घ्या. ते होईपर्यंत दार सताड उघडं ठेवून बाहेर थांबा, बादली भरून घ्या, गीझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला आत जा. आणि झरोक्यात काही कोंबलं असेल, तर ते आजच काढा.