वाटेवरची हवा

सायकल विकत घेताना माणूस ज्या वस्तूचा सर्वांत कमी विचार करतो ती वस्तू म्हणजे हवा भरावयाचा पंप. चौकट कोणत्या धातूची, गिअर किती, बैठक मऊ की कठीण, ह्यावर घरात आठवडाभर खल होतो. पंप मात्र दुकानदार वर घालून देईल तो. आमच्या वसईत ह्या निष्काळजीपणाने पूर्वी कुणाचे काही बिघडत नसे. वाडीतली केळी, भाजी, फुले पहाटे स्टेशनावर पोहोचवणाऱ्या त्या काळ्या, भक्कम सायकलींचे टायर जाड असत, त्यांना हवेचा दाबही बेताचाच लागे. दांड्याला अडकवलेला पंप रुसला तर त्याच्या आतल्या कातडी वायसरला तेलाचे बोट लावावे, म्हणजे तो पुन्हा बोलू लागे. तेवढ्यानेही भागले नाही तर पुढच्या नाक्यावर सायकलीचे दुकान असेच.

आता आमच्या मुलामुलींच्या हाती आलेली रोड सायकल हे निराळेच प्रकरण आहे. तिचा टायर अवघा २८ मिलिमीटर रुंद, म्हणजे आपल्या अंगठ्याहून थोडा जाड. मोटारगाडीच्या चाकाला जेथे तिशीच्या घरातला दाब पुरतो, तेथे ह्या बारीक चाकाला ७० ते १०० पौंडांचा दाब लागतो. दाब कमी पडला की खड्ड्याच्या कडेवर ट्यूब ती कड आणि रिमचे दोन काठ ह्यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. सायकलस्वार त्याला सर्पदंश म्हणतात. शिवाय ह्या ट्यूबची झडप फ्रेंच पद्धतीची, काडीसारखी बारीक असते. हायवेवर टायर टांगून बसलेल्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याचे तोंड ह्या झडपेवर बसत नाही. मधे बसवावयाची एक पितळी टोपी मिळते. ती करंगळीच्या पेराहून लहान असते आणि तिची किंमतही नगण्य. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी सायकल आहे त्यांनी ती टोपी आजच आणून बैठकीखालच्या पिशवीत टाकावी, एवढे सांगून पुढे जातो.

आमच्या धाकट्या लेकीने ब्रेव्हे करावयाचे मनावर घेतले तेव्हा ह्या पंपाने आमच्या घरात प्रवेश केला. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. २०० किलोमीटरचे अंतर साडेतेरा तासांत पुरे करावयाचे, पहिला आला काय नि शेवटचा आला काय, मान सारखाच. नियम मात्र कडक आहे : ठरलेल्या तपासणी नाक्यांखेरीज वाटेत घरच्यांनी मदत करावयाची नाही, मागे गाडी ठेवावयाची नाही. आम्हा आईबापांना हा नियम प्रथम निर्दय वाटला. मग कळले की सायकलीच्या जगात त्याची मुळे फार जुनी आहेत. १९१३ च्या फ्रान्सच्या फेरीत युजेन क्रिस्तोफ ह्या स्वाराच्या सायकलीचा पुढचा चिमटा पिरेनीज पर्वतात मोडला. ती खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर घाट उतरला आणि खालच्या गावातल्या लोहारशाळेत त्याने स्वतःच्या हाताने लोखंड जोडले. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून एका पोराने भाता चालवला, तर पंचांनी त्याबद्दल वेळेचा दंड ठोठावला. भाता म्हणजे तरी काय, वारा घालण्याचेच यंत्र! तो वारा दुसऱ्याने घातला, एवढाच काय तो गुन्हा.

लेकीच्या सायकलीसोबत दुकानातून एक पंप भेट आला होता. दिसावयास गोजिरवाणा, वीतभर लांब, शर्टाच्या खिशात मावणारा. एका सरावाच्या पहाटे ती मैत्रिणीसह मनोरच्या दिशेने निघाली असता मागचे चाक बसले. ट्यूब बदलणे तिला येत होते, ती बदललीही. पण त्या पंपाने हवा अर्ध्यावरच थांबली. दोघींनी आळीपाळीने दट्ट्या रेटला, हात भरून आले, नळकांडे तापले, तरी चाक बोटाने दबतच होते. तशाच अर्धपोट चाकावर त्या निघाल्या आणि पुढच्या खड्ड्यात सर्पदंश झाला. जादा ट्यूब एकच होती. आम्ही गाडी घेऊन पोहोचेपर्यंत सव्वा तास दोघी रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीलगत उभ्या होत्या; उजाडले नव्हते, आणि एकामागून एक कंटेनर त्यांच्या अंगावरून वारा फेकीत जात होते. त्या परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोलले नाही. घरी आल्यावर लेक एवढेच म्हणाली, “पप्पा, मला भीती ट्रकांची नाही वाटली. हातात पंप असून हवा भरत नाही, ह्याची वाटली.”

त्या वाक्यामुळे आम्ही उभयता कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हिशेब शाळेतलाच आहे. दट्ट्या रेटावयास लागणारे बळ म्हणजे दाब गुणिले नळकांड्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ. नळकांडे २० मिलिमीटर व्यासाचे असेल तर ७० पौंडांच्या दाबाशी पोहोचताना सुमारे साडेपंधरा किलोचा जोर लागतो. ३० मिलिमीटर व्यासाचे असेल तर तोच जोर ३५ किलोच्या आसपास जातो. आमच्या लेकीचे वजन ५० किलो! उलट बाजूने पाहावे तर अशा चाकात सव्वा लिटर जागा असते, आणि ह्या दाबाला बाहेरची सहा लिटर हवा तीत कोंबावी लागते. दट्ट्याची धाव १५ सेंटिमीटर धरली तर बारीक नळकांड्याला सुमारे १३० हेलपाटे आणि जाड्याला ६० च्या आतच. हेही कागदावरचे, प्रत्यक्षात थोडी हवा नळीत अडकते, थोडी गळते, म्हणून आकडा वाढतोच. तेव्हा जाड पंप भराभर भरतो, पण ऐन शेवटी दाद देत नाही. बारीक पंप संथ, पण शेवटपर्यंत नेतो. पर्वतातल्या सायकलीच्या जाड टायरला पहिला योग्य, आमच्या कामाला दुसरा. भेट आलेला पंप आखूडही होता आणि जाडही. दुकानात कोणी तो ८० पौंडांपर्यंत चालवून पाहिला असेल असे वाटत नाही.

पंपाला पर्यायही पुष्कळ सुचवले गेले. पोराटोरांचा लाडका पर्याय म्हणजे कार्बन डायॉक्साइडची १६ ग्रॅमची कुपी. पेच फिरवला की क्षणात चाक टणक, आणि कुपीवर हिव धरते. सोय मोठी खरी, परंतु एक कुपी म्हणजे एकच संधी. तोंड नीट बसले नाही तर सगळा वायू रस्त्यावर. शिवाय हा वायू ट्यूबच्या रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी चाक नरम पडते. अलीकडे मुठीत मावणारे विजेचे पंपही निघाले आहेत. ते खरोखर चांगले काम करतात, हे आम्ही शेजाऱ्याच्या अंगणात पाहिले. पण त्यांची बॅटरी आदल्या रात्री भरलेली हवी आणि दोन-तीन चाकांनंतर ती संपते. तेरा तासांच्या वाटेवर आमचा जीव तेवढ्यावर विसंबेना.

मग आम्ही ओळखीच्यांकडून तीन हातपंप मागून आणले आणि एका रविवारी दुपारी अंगणात चाक रिकामे करून लेकीला ते पाळीपाळीने भरावयास लावले. पहिला होता झडपेवर थेट दाबून बसवावयाचा. शेवटच्या जोरकस हेलपाट्यांत हात थोडा जरी हलला तरी ती काडीसारखी झडप वाकते, हे पाहून तो बाजूला ठेवला. दुसऱ्याला रबरी नळी होती, ती पेचाने झडपेवर बसे. हात हलला तरी झडपेला धक्का नाही. मात्र नळी काढताना कधी कधी झडपेचा आतला गाभाच तिच्यासोबत फिरून बाहेर येतो आणि भरलेली सगळी हवा फुस्स होते. गाभा आधी छोट्या पान्याने घट्ट करून ठेवला म्हणजे हा त्रास टळतो. तिसरा टोपीक कंपनीच्या ‘रोड मॉर्फ’ जातीचा. ह्याला नळी तर आहेच, शिवाय खाली दुमडलेला पाय आणि वर आडवी मूठ. पाय उघडून जमिनीवर टेकवला, त्यावर चप्पल ठेवली की हा चिमुकला पंप घरच्या उभ्या पंपासारखा वागतो. म्हणजे दंडाच्या बळाऐवजी अंगाचा भार कामी येतो. लेक वाकून वरून भार देऊ लागली आणि चाक टणक झाले, तेव्हा तिचा श्वासही फारसा वाढला नव्हता. वजन दोनशे ग्रॅमांहून थोडे अधिक, लांबी हातभर नसली तरी खिशात मावणारी नाही. तिच्या मैत्रिणींनी सायकलीच्या देखणेपणाचा मुद्दा काढला. त्यावर आम्ही काही बोललो नाही. लेकीनेच तो पंप पाण्याच्या बाटलीशेजारी पट्ट्याने आवळून बांधला.

जोडीला दोन जादा ट्यूब, ठिगळांची डबी, टायर उचकटावयाच्या दोन पट्ट्या आणि ती पितळी टोपी. पंपाच्या आतल्या रबरी कड्याला पावसाळ्यापूर्वी व नंतर थोडे ग्रीस लावावयाचे असते, नाहीतर धूळ आणि चिखल त्याला खातात. ते काम आम्ही आमच्याकडे घेतले आहे.

आमच्यापैकी जिचे मन अधिक धास्तावलेले, तिने मात्र एक परीक्षा ठेवली. अंगणातला दिवा मालवावयाचा, कपाळावरच्या विजेरीच्या उजेडात चाक काढावयाचे, ट्यूब बदलावयाची आणि नव्या पंपाने पुरी हवा भरावयाची. पहिल्या खेपेस बावीस मिनिटे लागली, तिसऱ्या खेपेस चौदा. ही झाली पुढच्या चाकाची कथा. मागच्या चाकाला साखळी आणि गिअर आड येतात. ती परीक्षा येत्या शनिवारी, जेवणे आटोपल्यावर.