ताबा कुणाचा?

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराने परवा माझ्या टेबलावर नवाकोरा मोबाइल ठेवला. ज्या व्यापाऱ्यावर दावा, त्याच्याशी दराची सगळी बोलणी व्हॉट्सअ‍ॅपवर.

"जुना फोन?"

"एक्स्चेंजमध्ये दिला, वकीलसाहेब. बॅकअप नव्हता. पोराने स्क्रीनशॉट काढून ठेवलेत."

नाशिकच्या कोर्टात तीस वर्षं कागद चाळले. पावती हातात घेतली की सही मागाहून झाली का ते कळतं, असं मी मिरवायचो. निम्म्या वेळा तो अंदाजच असायचा. साक्षीदार गडबडायचा आणि माझं नाव व्हायचं.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र हवंच, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अन्वर निकालाने आयतं हत्यार दिलं. समोरच्याने सीडी काढली की मी उभा: पुरावा कायद्याच्या पासष्ट-ब कलमाचं प्रमाणपत्र कुठाय? सीडीतलं बोलणं खरं की खोटं, त्याची चौकशी मी कधी केली नाही. जालन्याच्या २९६ मतांच्या निवडणुकीवरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या प्रकरणात निवडणूक अधिकारीच चित्रीकरणाचं प्रमाणपत्र देत नव्हते. २०२० च्या निकालात न्यायालय म्हणालं, प्रमाणपत्र हवंच. पण ज्याने सगळे प्रयत्न केले, त्याच्यावर अशक्याची सक्ती नाही. पहिला भाग मी पाठ केला. मालकाने मूळ यंत्रच साक्षीत हजर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही, हेही त्यात होतं. आमचं यंत्र एक्स्चेंजमध्ये गेलेलं.

काही वकीलमित्र एकच छापील प्रमाणपत्र नाव बदलून सगळ्या दाव्यांत लावतात. हसायचो त्यांना. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या पुरावा कायद्यानुसार प्रमाणपत्रात हॅश, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, भरावा लागतो. माझ्या ज्युनियरने एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दाखवला. डोळ्यांना तोच फोटो, पण चौसष्ट अक्षरांचा हॅश पार वेगळा. माझ्या नजरेची किंमत तेव्हा कळली.

उरला व्यापाऱ्याचा फोन. दस्तऐवज उघड करायला लावणाऱ्या, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर अकराखाली अर्ज केला, तर शपथपत्र आलं: संदेश डिलीट झाले, ताब्यात नाहीत. त्या 'ताब्या'ने झोप उडवली. दस्तऐवज कपाटात असला तर किल्ली कुणाकडे ते विचारता येतं. संदेशाची किल्ली कुठे शोधायची? नव्या अर्जाचा मसुदा चारदा खोडला.

"सर," ज्युनियर म्हणाली, "कायद्यात 'ताबा किंवा अधिकार' आहे. 'आहेत किंवा होते' असंही आहे. बॅकअप काढण्याचा अधिकार त्याचाच ना? आणि डिलीट केले तर कधी, तेही शपथेवर सांगू दे."

अर्ज तिनेच लिहिला. सही माझी.

अशिलाला मात्र सांगितलं, ही शक्कल मला रात्री सुचली.